सिरसाळ्याच्या जत्रेतलं रोमन नाटक

लॅटिन मला तेव्हाही येत नव्हतं आणि आजही येत नाही. तरी सिरसाळ्यात चार-पाच वर्षं मी लॅटिनचा माणूस म्हणून ओळखला जात होतो. यात गावाचा काही दोष नाही. ती ओळख मीच करून दिली होती, आणि तपासून पाहणारं आसपास कुणी नव्हतं म्हणून ती टिकली.

नव्वदीची पहिली काही वर्षं होती. गावाबाहेर, परळीच्या रस्त्याला, पत्र्याच्या चार खोल्यांत एक नवं विनाअनुदानित कॉलेज निघालं होतं. तिथे मी इंग्रजी शिकवायचो. औरंगाबादला एम.ए. करत असताना रद्दीवाल्याकडे मला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, लॅटिन साहित्याच्या इतिहासाचं. बांधणी सुटून त्याचा मागचा अर्ध्याहून जास्त भाग कुठेतरी गळून गेला होता. त्यामुळे रोमन साहित्य सुरू कसं झालं हे मला बारकाव्यांसकट माहीत होतं आणि पुढे त्याचं काय झालं याची काहीच कल्पना नव्हती. मी लोकांना सांगायचो की माझा विशेष अभ्यास आरंभकाळाचा आहे.

तो आरंभ मला मनापासून आवडायचा, हे मात्र खरं. रोमन लोक म्हणजे शेतकरी आणि शिपाई. शेकडो वर्षं त्यांच्याकडे नाटक म्हणावं असं काही नव्हतं. सुगी आटोपली की लोक जमायचे आणि एकमेकांना शिव्यांची गाणी ऐकवायचे, तेवढंच. मग एकदा रोममध्ये साथ आली. देवाचा कोप उतरावा म्हणून शेजारच्या मुलखातून नाचणारे बोलावले. ते बासरीवर नुसते नाचायचे, तोंडानं काही बोलायचे नाहीत. रोमच्या तरण्या मंडळींनी त्यांची नक्कल सुरू केली आणि नाचता नाचता एकमेकांची टिंगल जोडली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी तो माणूस आला, ज्याच्यावर माझा जीव होता. तो दक्षिणेकडच्या एका ग्रीक शहरातला. लढाईत पकडला जाऊन गुलाम म्हणून रोमला आला, असं सांगतात. त्याला शिकवण्याचं काम मिळालं, पण शिकवायला लॅटिनमध्ये पुस्तकच नव्हतं. तेव्हा त्यानं ग्रीकांचं एक मोठं काव्य स्वतःच लॅटिनमध्ये आणलं. पुढे तो गुलामीतून सुटला. एक मोठं युद्ध संपल्यावर देवाचा उत्सव झाला, त्यात त्यानं ग्रीक नाटक लॅटिनमध्ये करून लोकांपुढे उभं केलं. त्याच्या नाटकांत तो स्वतः कामही करायचा. लॅटिन साहित्य तिथून सुरू झालं असं धरतात.

हा माणूस म्हणजे मीच, असं माझं प्रामाणिक मत होतं. मीही दुसरीकडून विद्या घेऊन आलो होतो. माझ्याही विद्यार्थ्यांना वाचायला काही नव्हतं. आणि गुलामीचं म्हणाल, तर मी विनाअनुदानित कॉलेजात होतो.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. बाजारपेठेत आमचं किराणा दुकान होतं. त्या वर्षांत गुळाच्या भेलीच्या वर शाम्पूच्या पुड्यांची तोरणं लटकायला लागली होती. शेजारच्या गाळ्यात एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना रोमची माहिती द्यायचो. कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेले आप्पा पुडी बांधता बांधता ऐकत राहायचे. एकदा त्यांनी विचारलं,

"मंग त्या गुलामाचं पुढं काय झालं?"

"मोठा लेखक झाला आप्पा. लिहिणाऱ्यांना आणि नटांना एका देवळात जमायची परवानगी मिळाली, ती त्याच्यामुळे."

"आन् पगार?"

"पगाराचा उल्लेख नाही."

"म्हंजे तुझ्यासारखंच," आप्पा म्हणाले आणि पुडीचा दोरा तोडला.

गावच्या महादेवाची जत्रा चैत्रात भरायची. दरवर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तमाशा ठरलेला असे. त्या वर्षी मात्र जत्रा कमिटीत दोन तट पडले. भजनी मंडळाला तमाशा नको होता आणि तरुण मंडळींना व्हिडिओवर सिनेमा हवा होता. भांडण इतकं वाढलं की शेवटी दोन्ही रद्द झालं आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रमच उरला नाही. आमचे प्राचार्य कमिटीत होते. त्यांनी माझं नाव पुढे केलं. मी सरपंचांच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, आपण रोमन नाटक करू. रोममध्येही नाटकं देवाच्या जत्रेतच व्हायची, देवळासमोर, फळ्यांच्या तात्पुरत्या मंचावर. म्हणजे आपली सगळी सोय आधीच आहे.

"वंगाळ काही न्हाई ना त्याच्यात?" सरपंचांनी विचारलं.

एका बढाईखोर शिपायानं दुसऱ्याची मैत्रीण पळवून आणलेली असते आणि शिपायाचाच नोकर तिला पळून जायला मदत करतो, असं ते नाटक होतं. मी म्हणालो, कौटुंबिक आहे.

"ठीक हाय. दिवेलागणीला करा."

इथे मी चूक केली. मी म्हणालो, दिवेलागणीला नको, दुपारी चारला. रोमन नाटकं दिवसाउजेडी व्हायची. अभ्यासाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे.

सरपंचांनी ओट्याबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "चैतात? चार वाजता? उन्हात कोण बसंल सर?"

"रोममध्ये बसायचे."

"रोममधी ऊन कसं असतंय?"

याची माहिती माझ्याकडे नव्हती. पण मी हट्ट सोडला नाही. "बघा मंग, कुस्त्याबी त्याच वक्ताला हायती," एवढं बोलून त्यांनी मान डोलावली. कुस्त्यांकडे मी लक्ष दिलं नाही. खरं तर द्यायला हवं होतं. रोममध्ये एका नाटककाराचं नाटक चालू असताना दोरीवरून चालणारा आणि मुष्टियोद्धे आल्याची बातमी पसरली आणि प्रेक्षक उठून गेले, ही गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगायचो. त्याच नाटकाचा पुढे आणखी एकदा असाच विचका झाला, हेही सांगायचो. मुलं हसायची. मीही हसायचो.

भाषांतर मी इंग्रजीवरून केलं, पंधरा दिवस बसून. ते इतकं शुद्ध झालं होतं की लिहिता लिहिता मलाच आदर वाटायचा. नोकर मालकाला म्हणायचा, "हे स्वामी, आपल्या पराक्रमाचे वर्णन करण्यास या दीन सेवकाची जिव्हा असमर्थ आहे." शिपायाचं काम मी स्वतःकडे घेतलं. आरंभकाळात लेखकच नट असे, हे कारण सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याचं काम अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी घेतलं. पळवून आणलेल्या मुलीचं काम ग्रंथपालांनी पत्करलं, कारण रोममध्ये बायकांची कामं पुरुष करायचे. मिशी काढायला ते तयार झाले नाहीत, म्हणून मुलगी फार लाजाळू आहे असं ठरवून पदर नाकापर्यंत ओढला.

राहिला नोकर. एसटी स्टँडजवळ एका मामांचं सायकलचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. बारा वर्षं ते एका तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. फड मोडला, मामांचा गुडघाही गेला, आणि ते पंक्चर काढायला बसले. मी वही घेऊन तिथे गेलो.

"मला वाचून दावा," मामा म्हणाले. "एकडाव बास हाय."

मी वाचायला लागलो. मामा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते.

"सर, ह्ये कोण बोलतंय?"

"नोकर."

"मालकासंगं?"

"हो."

"आन् लबाडी करायलाय?"

"हो."

"मंग येवढं लांब कावून बोलतंय? लबाडी करताना माणूस दम लागंल असं बोलत न्हाई."

मी त्यांना अभिजात शैली म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मामा "बरं" म्हणाले आणि ट्यूबवर खूण केली. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळी वही पाठ होती. पण माझी वाक्यं ते अशी म्हणायचे की जणू तहसीलमधला दाखला वाचून दाखवताहेत, सरळ उभं राहून, कुठेही न हलता. मला वाटलं, तमाशातला माणूस, याला गंभीर रंगभूमीची सवय नाही. म्हणून तालमीनंतर मी त्यांना रोज थोडा इतिहास सांगायला लागलो. बाकी इतिहास मामा जांभया देत ऐकायचे. एकच गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला लावली. त्या पहिल्या नाटककाराला लोक पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, त्यानं त्याचा आवाज बसला. मग त्यानं बासरीवाल्याजवळ एक गाणारा उभा केला. गायचं त्यानं, आणि हातवारे करायचे ह्यानं.

"आन् लोकाईला चाललं ते?"

"चाललं. उलट हातवारे जास्त जोरकस झाले म्हणतात."

"हुशार होता तुमचा माणूस," मामा म्हणाले. माझ्या शिकवण्याचा काही परिणाम होतोय म्हणून मला बरं वाटलं.

जत्रेच्या आधी दोन दिवस मी स्वतः जीपमध्ये बसून भोंग्यावर पुकारा केला. वाड्या-वस्त्यांवर फिरलो. "रसिकहो, पाश्चात्त्य रंगभूमीच्या उगमापाशी आपणांस घेऊन जाणारी एक अभूतपूर्व नाट्यकृती" अशी माझी वाक्यं होती. एका वस्तीवर एका बाईनं विचारलं की लस आलीय का. दर दोन वाड्यांनंतर बर्फ घातलेला उसाचा रस पीत होतो. नाटकाच्या दिवशी सकाळी उठून बायकोला चहा मागायला गेलो, तर घशातून नुसती हवा आली.

तिनं हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध चघळायला दिलं, आणि पलंगाच्या चादरीचा शिवलेला रोमन झगा माझ्या अंगावर चढवून पाहिला. चादरीवर मोठी गुलाबी फुलं होती. "शिपाई वाटत नाहीत तुम्ही," ती म्हणाली. मला उत्तर देता आलं नाही. शिरस्त्राण आप्पांच्या दुकानातल्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून कापून घेतलं होतं. तलवार लाकडाची, वर चांदीचा कागद.

चार वाजता देवळासमोर बऱ्यापैकी माणूस जमला. पिंपांवर फळ्या टाकून मंच केला होता. ऊन असं होतं की डोक्यावरचा डबा तापला आणि कानाला चटके बसायला लागले. दुपारपर्यंत आवाज थोडा सुटला होता, म्हणून मी धीर करून पुढे आलो. शिपायाचं पहिलं भाषण दीड पानी होतं, त्यात त्यानं कुठे कुठे किती शत्रू मारले त्याची यादी होती. मी तलवार वर केली, छाती फुगवली आणि तोंड उघडलं. आमच्या गोदामाचं दार बरीच वर्षं तेल न मिळाल्यावर जसं वाजायचं तसा आवाज निघाला. दुसऱ्या वाक्याला तोही निघाला नाही.

नेमकी तेव्हाच पलीकडच्या रानातून हलगी कडाडली. कडा गावचा कुणी नावाजलेला पैलवान आला होता आणि मोठी जोड लागली होती. पुढच्या रांगेतला एक माणूस उठला, धोतर झटकलं आणि निघाला. त्याच्यामागं पाच-सहा जण. मग सगळेच. कुणी ओरडलं नाही, टिंगल केली नाही. एसटी लागल्यावर स्टँडवरचे लोक उठतात तसे उठले. मागे उरले देवळाच्या सावलीत टेकलेल्या दहा-बारा म्हाताऱ्या, आप्पा, प्राचार्य, आणि माझी बायको.

त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायला आजही लाज वाटते. मला आनंद झाला. हे तर अगदी रोमसारखं झालं, असं माझ्या मनात आलं. मी नोकराच्या वेशात शेजारी उभ्या असलेल्या मामांच्या कानाशी वाकलो आणि कसंबसं कुजबुजलो, "रोममध्येही असंच झालं होतं."

"काय?"

"लोक दोरीवरचा खेळ बघायला गेले होते."

"ते राहू द्या सर," मामा हळूच म्हणाले. "आता तुमी बोलू नका. नुसतं हातवारं करा. मी बोलतो दोगांचंबी."

ते माझ्या मागे, डाव्या खांद्याशी येऊन उभे राहिले. आणि माझा आवाज यायला लागला. बसलेला नव्हे, नेहमीचा, दुकानातल्या स्टुलावरचा. प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबणारा, नाकातून येणारा.

"आपणांस ठाऊक आहे काय, मी कोण आहे? आरंभकाळात मी सात हत्ती मारले."

सावलीतली एक म्हातारी फिसकन हसली. मी हात वर करून सात हत्ती दाखवले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मामा एक पाऊल बाजूला सरकले, गुडघ्यात वाकले आणि एकदम बदललेल्या आवाजात नोकर म्हणाला,

"मालक, सातच कावून म्हंता? काल आठ म्हणलाव्हता की."

पुन्हा मागे येऊन माझा आवाज: "आठवा विनाअनुदानित होता."

प्राचार्य हसले. आधी त्यांनी आजूबाजूला पाहिलं, हसणं बरोबर आहे का ते. मग मोकळे हसले. माझ्या वहीतलं त्यात काही नव्हतं. कथा तेवढी तीच होती. शिपाई बढाई मारत होता आणि नोकर त्याला चढवत होता. पण शिपाई आता परळीच्या रस्त्यानं युद्धाला जायचा, एसटी चुकली म्हणून लढाई हरायचा, आणि प्रत्येक पराक्रमाच्या शेवटी म्हणायचा, "अभ्यासाच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे." मी त्यांच्या शब्दाबरोबर हात हलवत होतो. मला थांबता येत नव्हतं, कारण मी थांबलो की मामाही थांबायचे, आणि ती शांतता जास्त वाईट होती.

मग नोकरानं पुढे येऊन विचारलं, "मालक, तुमाला लॅटिन येतंय म्हणं?"

"येते तर," माझा आवाज म्हणाला.

"बोला की जरा. ह्या आज्या येवढ्या उन्हात बसल्यात."

आणि मामा गप्प राहिले. पाठीमागून काही आलं नाही. मी वाट पाहिली. बारा म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या. बायको पदर तोंडावर धरून बसली होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी तलवार बगलेत धरली आणि दोन्ही हात लांब पसरून, डोकं मागे टाकून, ओठ हलवत सावकाश एक मोठी ऐट केली. डबा कानावर आपटला. मी कळवळलो.

"कळ्ळं का आजी, काय म्हणाले?" नोकर म्हणाला. "म्हणाले, लई तहान लागलीय, कुणी पाणी देतंय का पाणी."

हे मात्र खरंच होतं. एक म्हातारी उठली आणि तांब्या घेऊन मंचाकडे आली. तिला ते नाटक वाटलंच नव्हतं. मी फळीवर बसून ते पाणी प्यायलो, सगळ्यांसमोर, गटागटा. तो हशा मी विसरणार नाही. तेव्हा बघितलं तर मागे माणसं उभी होती, आणि आणखी येत होती. हशा ऐकून आली की कुस्ती संपली म्हणून आली, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

पुढचं सगळं मामांनी रेटलं. पदर ओढलेल्या ग्रंथपालांना घेऊन जाताना नोकर शिपायाला म्हणाला, "मालक, आता खुली अर्थव्यवस्था हाय. पोरीला पसंत पडंल तिकडं पोरगी जाणार." अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे इतकं पटलं की त्यांनी तिथेच टाळ्या वाजवल्या, ते मंचावर होते हे विसरून. शेवटी मूळ नाटकात शिपायाला मार बसतो. तो मला बसला. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राचा होता, पण मारणाऱ्यांत प्राचार्यही केव्हा येऊन मिळाले ते कळलं नाही. आणि आप्पा, ज्यांना चारचौघांत हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

देवळामागच्या सावलीत डबा काढून मी एकटा बसलो. लोक मामांच्या पाठीवर थापा मारत होते, त्यांचा आवाज तिथपर्यंत येत होता. मला राग आला होता. पंधरा दिवस बसून केलेल्या भाषांतरातलं एक वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं मामा लंगडत आले आणि शेजारी टेकले.

"राग आला का सर?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच कळलं नाही.

"तुमीच सांगितलंव्हतं. त्येचा आवाज गेला तवा दुसरा बोलला. म्या तेवढंच केलं." मग गुडघा चोळत म्हणाले, "हातवारं मातर तुमी लई झ्याक केलं. फडात असता तर म्या तुमाला सोडलं नसतं."

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाची एवढी मनापासून कुणी स्तुती केली नव्हती. ती ऐकून माझा राग गेला, हे मी त्यांना कळू दिलं नाही. तेवढा शिष्टपणा शिल्लक होता.

आवाज आठ दिवस आला नाही. संध्याकाळी मी स्टुलावर मुकाट बसायचो. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हसायची, पण ओळखीचं हसायची. बोलता येत नाही म्हणून मी ते पुस्तक पुन्हा काढलं. त्यात एक प्रकरण होतं, जे मला नेहमी थोडं कंटाळवाणं वाटायचं. रोमच्या विनोदी नाटककारांनी ग्रीक नाटकं जशीच्या तशी आणली नाहीत, असं त्यात होतं. दोन नाटकं तोडून एक केलं. ग्रीक शहराच्या गल्लीत रोममधले अधिकारी, रोमचं खाणंपिणं, रोमच्या कोट्या घुसडल्या. आपली भाषा ग्रीकांच्या मानानं रानटी, असं स्वतःच गमतीनं म्हणत आणि तिच्यातच लिहीत. पुढच्या काही विद्वानांनी यावर नाराजीही दाखवली होती. हे सगळं मी किमान तीनदा वाचलं होतं. लाल शाईनं, पट्टी धरून, सरळ रेघाही मारल्या होत्या. रेघा इतक्या नीट होत्या की आत काय लिहिलंय ते वाचायचं राहून गेलं असावं.

आवाज आल्यावर मी कोरी वही घेऊन मामांकडे गेलो. म्हणालो, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते सगळं सांगा, मी उतरवून घेतो.

"ते कुठं ध्यानात हाय," मामा म्हणाले. "तोंडातून गेलं ते गेलं."

मग मी गावभर फिरून गोळा करायला लागलो. प्राचार्यांच्या मते हत्ती सात, न्हाव्याच्या मते नऊ, आणि न्हावी तर कुस्त्यांना गेला होता. दोन म्हाताऱ्यांनी मला असल्या ओळी सांगितल्या ज्या मामा माझ्यासमोर बोलणं शक्य नव्हतं, आणि त्याच बहुधा अस्सल होत्या. माझ्या त्या लाडक्या रोमन माणसाचंही एकही नाटक आज उरलेलं नाही. नंतरच्या व्याकरणकारांना एखादा विचित्र जुना शब्द सापडला म्हणून त्यांनी जी ओळ टिपून ठेवली, तेवढीच शिल्लक. सिरसाळ्याचा व्याकरणकार म्हणून माझ्या वहीत अकरा ओळी जमल्या. त्यातल्या चार वादग्रस्त आहेत. माझं स्वतःचं भाषांतर मात्र संपूर्ण, स्वच्छ अक्षरात उपलब्ध आहे. ते आजवर कुणी मागितलेलं नाही.

त्याच पावसाळ्यात मी पीएच.डी.ची चौकशी करायला औरंगाबादला गेलो होतो. तिथल्या प्राध्यापकांनी विषय ऐकून घेतला आणि शांतपणे विचारलं, "मूळ लॅटिन वाचता ना?" मी म्हणालो, आरंभ केला आहे. त्यांनी चहा पाजला. ती पीएच.डी. त्या चहापाशीच राहिली.

पुढच्या वर्षी जत्रा कमिटी थेट मामांकडे गेली. माझ्याकडेही आली, कॉलेजच्या खुर्च्या मिळतील का ते विचारायला. कार्यक्रम दिवेलागणीला ठेवला होता आणि कुस्त्या सकाळी. मामांनी स्वतःचा फार्स रचला होता, अर्थात तोंडी. रोमच्या जुन्या फार्सांत ठरलेली पात्रं असायची, एक बावळट, एक खादाड, एक म्हातारा, आणि लोक त्यांना येताच ओळखायचे. मामांच्या फार्सात सासरा होता, सावकार होता, आणि 'सर' होता. खांद्यावर शाल, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्याआधी थोडं थांबणं. ते काम अर्थशास्त्राचे प्राध्यापक करत होते. इतकी वर्षं ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून काय करत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो, एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला बायको. 'सर' मंचावर आला तशी पुढच्या रांगांतली माणसं आधी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी हसतोय का ते त्यांना पाहायचं होतं. मी हसलो. चांगला खदाखदा हसलो, मांडीवर थापा मारून.

"एवढ्या जोरात नका हसू," बायको पुढे बघत म्हणाली. "कळतंय."